मास्कमधली टूथपेस्ट

लुईव्हिल, १२ सप्टेंबर

लाडक्या ममास,

मी खुशाल आहे, जेवतेय. तुझी कंबर कशी आहे?

आधीची कुठलीही पदवी चालते, म्हणून इतिहासाच्या पदवीवरही मला नर्सिंगच्या वर्षभराच्या कोर्सला घेतलं. आज पहिल्यांदाच एका म्हाताऱ्याचं घाण झालेलं अंथरूण बदललं. वास येऊ नये म्हणून मास्कला आतून टूथपेस्ट फासली, तरी मी तोंड फिरवलंच. शी! आता दात घासतानाही मळमळतं.

मिसेस हॉज, आमच्या शिक्षिका, खेकसल्या, "नाक कसलं मुरडतेस? अर्जात तूच लिहिलंयस ना, आजारी वडिलांचं सगळं केलं म्हणून?"

तेव्हा त्या घाणीपेक्षा माझीच किळस आली. डॅडींचं सगळं तू केलंस. मी दारातून आत यायचे नाही.

तू तर नाकाला रुमालही लावत नव्हतीस. कसं गं जमायचं? तेवढं कळव.

तुझी,
मार्ली