माशाखाली आईचे नाव

नेर, ता. ९ मार्च १९६२

तीर्थरूप सदाशिवमामा यांस,

उकंडाचा साष्टांग नमस्कार. आईच्या तेराव्याहून आपण पुसदला सुखरूप पोचल्याचे कळले. बसमध्ये गुडघा आखडला हे वाचून वाईट वाटले. शेकत जावा. मामींनी दिलेले सांडगे अजून संपले नाहीत (एकटा किती खाणार). माझी प्रकृती ठीक आहे. डोक्यावर केस येऊ लागले आहेत.

आईच्या फोटोचे काय झाले असे आपण विचारले आहे. ते सविस्तर लिहितो, म्हणजे कोणाकडून अर्धवट ऐकून आपला गैरसमज होणार नाही.

शेजारचे ओव्हरसियर बदलून गेले तेव्हा काचेची पेटी आणि तिच्यातले दोन लाल मासे आईच्या स्वाधीन करून गेले, हे आपण पाहिलेच आहे. आई त्यांना सकाळी कणकेच्या गोळ्या घाली आणि घरातले सगळे सांगे (मलाही पुष्कळ गोष्टी तिथूनच कळत). दिवाळीनंतर मी कॅमेरा घेतला तो तिचाच फोटो काढण्यासाठी. पण ती समोर बसेना. म्हणाली, "मले काय पाह्यतं? आधी त्यायचा काढ, मंग माहा." मासे एका जागी ठरत नाहीत. शिवाय कॅमेऱ्याबरोबरच्या कागदात सहा फूट दूर उभे राहण्याविषयी लिहिले होते, आणि सहा फुटांवरून मासा तुरीच्या दाण्याएवढा दिसतो. मागची भिंत काळपट म्हणून आई पेटीमागे माझे धुतलेले धोतर दोन्ही हातांनी ताणून उभी राहिली आणि मला तिकडून ओरडत होती, "अरे, पाह्य, आता आला समोर, दाब ना!" मी दाबत गेलो. मग ती धोतर ठेवून, लुगडे बदलून, केस विंचरून आली, तोवर रोल संपला होता. नवा यवतमाळहून आणायचा होता. तो आणण्याआधीच ती गेली.

तेराव्यानंतर मी तो रोल घेऊन यवतमाळला रामसिंग फोटोवाल्याकडे गेलो. माझ्या डोक्याकडे पाहून त्याने हळू आवाजात विचारले, कोण गेलं? मी सांगितले, आई. त्याने नाव विचारले. मी सांगितले. त्यातला जो बरा आला असेल तो मोठा करा, एवढे बोलून मी निघालो (मासे आईचे, त्यांचा तरी एक भिंतीवर असावा म्हणून).

चार फोटोंत मासे नाहीत. काचेत खिडकी आहे आणि कॅमेरा पोटाशी धरलेला मी आहे. बाकीचे बहुतेक हलले. जो बरा होता तो रामसिंगने मोठा करून, भोवती वेलबुट्टी काढून, चौकटीत बसवून दिला. मधे मासा. खाली सुंदर अक्षरात, सौभाग्यवती नव्हे म्हणून नुसते 'कै. मैनाबाई'. मी चौकट उलटून मागची बाजूही पाहिली. तोच म्हणाला, "तुमी दुःखात होते भाऊ. म्या म्हटलं, इचारू कसं?" इतक्या मनापासून केलेले काम परत कसे करणार? मी घरी आणले.

कांताबाई शेजारीण पाहायला आली. फूल वाहून म्हणाली, "बराबर हाये. मी साखर मागाले आली का मैनाबाई अशीच पाहे माह्याकडं."

तसे पाहिले तर नाव चुकलेले नाही. आई त्या फोटोत आहे, धोतरामागे. धोतराच्या वरच्या काठावर तिची बोटेही आली होती. रामसिंगने ती डाग समजून साफ केली. मी दुसऱ्यांदा जाऊन न पुसलेली लहान प्रत मागून आणली. त्यात डावीकडे चार आणि उजवीकडे तीन दिसतात.

मासे बरे आहेत. कणीक मी घालतो. सांगत मात्र काही नाही, सांगण्यासारखे घरात काही घडत नाही.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
उकंडा

ता. क. आपल्या बैठकीत आपल्या लग्नाचा फोटो आहे. त्यात मामींच्या मागे आई उभी आहे. त्यात आपले डोळे मिटले आहेत, असे ती सांगत असे. तरी तो पाठवलात तर चालेल. दुसरा फोटो कुठेच नाही.

ता. क. दुसरा. तो आपण पाठवू नये, भिंत ओकी दिसेल. मीच पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन येतो. चौकटीची काच तेवढी काढून ठेवावी. काचेतून मला जमत नाही, मीच येतो.