अंथरुणातून दिलेला मिस्ड कॉल

२ मार्च, सकाळ
माणसाच्या आत्मिक उन्नतीच्या आड काम, क्रोध, लोभ येतात, हे सगळ्यांनी लिहून ठेवलंय. डाव्या पायाला येणाऱ्या मुंग्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. आज डोळे मिटून बसलो आणि तिसऱ्याच श्वासाला पाय गेला. उरलेली साधना पाय चोळण्यात. निषेध.

तरी नियम पाळला. आमच्या दारू सोडलेल्यांच्या गटाचा नियम साधा आहे. सकाळी शांत बसायचं, वर जो कोणी असेल त्याच्याकडे फक्त आजचा दिवस मागायचा, आणि मग साखळीतल्या पुढच्या माणसाला मिस्ड कॉल द्यायचा. म्हणजे, मी बसलो, आता तू बस. मला मास्तरांचा येतो, मी ड्रायव्हरला देतो. ड्रायव्हर शाळेची बस चालवतो, गटात नवा आहे, मला काका म्हणतो. मी त्याचा आदर्श आहे. तसं तो बोललेला नाही, पण दिसतं.

५ मार्च
मास्तरांचा कॉल आला. उठणारच होतो. पण बसण्यापेक्षा आडवं राहून मन जास्त एकाग्र होतं, असा शोध लागला. मणकाही सरळ राहतो. आडव्यानेच कॉल दिला.

८ मार्च
बायको म्हणते, तुमची साधना शेजाऱ्यांनाही ऐकू जाते. मी समजावलं की तो खोल श्वास आहे. म्हणाली, देवाला फसवा, त्याला सवय असेल. त्या ड्रायव्हरला कशाला फसवताय? कणीक मळता मळता अध्यात्मावर बोलणं सोपं असतं. उद्यापासून बसणारच. म्हणजे तिचा मुद्दाच उरणार नाही.

९ मार्च
रविवार. रविवारी काही सुरू करू नये.

११ मार्च
ऑफिसात विम्याचे दावे तपासतो. आज एकाने पंखा जळाल्याची भरपाई मागितली. पुरावा म्हणून जोडलेल्या फोटोत पंखा गरगर फिरतोय! लोक इतकं खोटं कसं बोलू शकतात? शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणालो, मला खोट्याचा लांबून वास येतो. त्या म्हणाल्या, साहेब, आधी शर्टावर आमटी सांडलीय ती बघा.
सकाळी आडवाच. कॉल मात्र वेळेवर.

१४ मार्च
गटाची सभा. ड्रायव्हर उभा राहून म्हणाला, काकांचा कॉल आल्याशिवाय मी बसत नाही, आणि बसल्याशिवाय गाडीच्या किल्लीला हात लावत नाही. पोरं असतात गाडीत. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. सगळ्यांना ती नम्रता वाटली. मलाही जवळजवळ वाटली.
बाहेर पडताना मास्तरांनी विचारलं, फार थकलेला दिसतोस रे, बसतोस ना रोज? म्हटलं, बसतो म्हणून तर थकतो.

१९ मार्च
मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ. ग्लास हातात धरला. रिकाम्या हातांनी उभं राहणं उद्धट दिसतं. प्यायलो नाही. ओठ ओले झाले, एवढंच. ओठ तोंडाच्या बाहेर असतात. कुठल्याही दाव्यात हे टिकेल. ग्लास कुंडीत ओतला. झाडाने तक्रार केली नाही.
थकलोय. उद्यापासून सगळं नव्याने. बसणार. खरं बोलणार.

२० मार्च
आज कॉल द्यायचाच राहिला. मी झोपेत, फोन बाहेर चार्जिंगला. दारावर थापा. बायकोने उघडलं तर ड्रायव्हर. युनिफॉर्मची बटणं खालीवर, खाली रस्त्यात रिकामी बस. धापा टाकत म्हणाला, काका, कॉल नाही, फोन उचलत नाही, मला वाटलं गेलात तुम्ही परत दारूकडे. न बसताच किल्ली उचलली. मी पांघरुणात, गालावर उशीचे वळ.
म्हणालो, बसलो होतो रे. खोल गेलो, वेळेचं भानच राहिलं नाही.
त्याने विश्वास ठेवला. बाहीने डोळे पुसले. म्हणाला, असं बसता यायला पाहिजे. बायकोने त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलेलं परवडलं असतं.

२१ मार्च, सकाळ
मास्तरांचा कॉल आला. उठलो. ड्रायव्हरला फोन लावला आणि या वेळी पहिल्या रिंगला कापला नाही. त्याने घाबरत उचलला, काय झालं काका? सांगितलं. काल झोपलो होतो. त्याआधीही बरेच दिवस झोपूनच कॉल दिला. आणि परवा ग्लासला ओठ लावले. ‘ओले झाले’ म्हणणार होतो. ‘लावले’ म्हणालो.

तो शिव्या देईल किंवा माफ करेल, असं धरून चाललो होतो. दोन्हीवर उत्तरं तयार होती. तो म्हणाला, म्हणजे इतके दिवस मी एकटाच बसत होतो?
हो म्हणालो.
म्हणाला, मला गाडी काढायचीय. त्याआधी बसायचंय. तुम्ही काय करताय?
त्याची एक बैठक तरी माझ्याकडे बाकी होती. फोन चालूच ठेवून जमिनीवर टेकलो. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने फोन ठेवेपर्यंत हललो नाही.