दाभोशाच्या रामीचा कोंगा

मी, हेमंत पुंजा रावते, वय ६३, निवृत्त संगीत शिक्षक, राहणार जव्हार, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढील मजकूर वाचताना तो जवळ ठेवावा.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी उज्ज्वला हिला.

२. मुंबईच्या हॉटेलांत मी बावीस वर्षे मांबो, रुंबा हे क्युबाचे नाचाचे ताल वाजवले. कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उभा ढोल, मला मास्टर लॉरेन्स यांनी शिकवला. त्यांनी दिलेले बोंगो व मोठा कोंगा माझी विद्यार्थिनी प्रगती हिला. आमच्या मुख्याध्यापकांनी या वाद्यांना शेवटपर्यंत 'पिंपं' म्हटले. त्यांना काहीही देऊ नये, बघायलासुद्धा.

३. लहान कोंग्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

तो दाभोशा गावची माझी विद्यार्थिनी रामी वाजवायची. वय चौदा. तिच्यासारखा हात मी मुंबईतही पाहिला नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये ती गावी गेली होती. मी जीपवाल्याबरोबर निरोप धाडला, "रविवारी तीनला आली नाहीस तर कार्यक्रमात प्रगती वाजवील."

रविवारी, ४ तारखेला, बरोबर तीनला आतल्या खोलीत कोंगा वाजला. तीन ठोके. मी ओसरीवरून ओरडलो, "मनगट सैल ठेव!" उज्ज्वलाने स्वयंपाकघरातून विचारले, "रामी आली का? चहा टाकू?"

आत कोणी नव्हते. चामड्यावर तळहाताची ओली खूण होती.

संध्याकाळी जीपवाला आला. रामी सकाळीच नदी ओलांडताना वाहून गेली होती.

तिची आई कोंडी हिला मी सांगितले, "मी बोलावलं नव्हतं." तेव्हापासून दर रविवारी भर उजेडात ते तीन ठोके पडतात. त्यांना उत्तराचे दोन ठोके मी द्यायचे, असे मीच तिला शिकवले होते. आठ वर्षांत माझा हात उचलला गेला नाही.

मागच्या आठवड्यात दाभोशाला जाऊन कोंडीला खरे सांगितले. ती नाचणी पाखडत होती. सूप थांबले नाही.

"निरोप माझ्याकडंच आला व्हता, गुरजी. पोर भीत व्हती पान्याला. मीच बोलले, जा. तुमी नाय बोललात, मंग मीबी नाय बोलले."

मी रविवारचे सांगितले. तेव्हा सूप थांबले.

"तुमच्याकडं येते? माझ्याकडं कदी नाय आली."

सबब, लहान कोंगा कोंडीला. हे कलम आज तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुमी मरस्तवर थांबू?" म्हणून तो आजच तिच्या हवाली केला असून या मृत्युपत्राच्या मिळकतीत धरू नये. पाठीवर बांधून ती चालत निघाली आहे. जीपमध्ये बसायला तयार झाली नाही.

वरील मजकूर मला मान्य आहे.

जव्हार, १३ डिसेंबर २००४
(सही) हेमंत पुंजा रावते

आमच्यासमक्ष सही केली:
१. देवानंद लहांगे (सही)
२. निशा भोये (सही)