उठलेल्या वाडीतलं खोपटं

खेड, चैत्र, १९३१

प्रिय मैना,

तुझं पत्र पोचलं. खोली मिळाली, मे महिन्यात येते आणि आईला घेऊनच मुंबईला परत जाते, असं लिहिलंस. हॉस्पिटलातलं काम आटोपून, बसून वाच हे. कॉन्व्हेंटातल्या आमच्या मदर घरचं पत्र कुणाला उभ्याने वाचू देत नसत. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

कातकऱ्यांच्या त्या वाडीतून माझ्या शाळेला येणारी तू एकटीच. तुझी आई चिमा तुला माझ्या दारापर्यंत पोचवायची आणि स्वतः अंगणाच्या कडेला उभी राहायची. वर ये म्हटलं की, "नको बाय, कोळशाचं पाय हायत." वाडी शिवेबाहेर, कुणब्यांच्या विहिरीपासून लांब. गावाची वस्ती सांगताना तुमची खोपटी कुणी धरतच नसे. आणि तरी केवढी गजबज असायची तिथे! कोळशाच्या भट्ट्या लावायला सगळी रानात गेली की मागे म्हातारीकोतारी, कोंबड्या आणि पाटी घेऊन बसलेली तू.

दिवाळीनंतर वाडीत ताप शिरला. तुमच्या शेजारचा केरू गेला, मागोमाग त्याची पोरं. माणसं अशी जाऊ लागली की ती जागा सोडायची, ही तुमची रीत. वाडी उठली, नदीपलीकडच्या टेकाडावर नवी खोपटी उभी राहिली. चिमा तेवढी हलली नाही. तुझ्या लवूमामाने हाताला धरून ओढलं, शिव्या घातल्या. तिचं एकच, "माझी मैना ह्याच वाटेनं येल. हितं कुणी नाय दिसलं तर पोर कुठं शोधल?" मी म्हटलं, मी पत्र लिहून कळवते तिला. तर हसली. "कागूद वाट दावतो व्हय, बाय?"

होळीआधी शिरगणती झाली. ओसाड वाडीत एकच खोपटं बघून गंगाराम मास्तर चक्रावले. ही म्हणे, "दोघी लिव." मास्तर म्हणाले, मुंबईची माणसं मुंबईत लिहितात. तशी उसळली, "तुझा भाऊस गिरणीत हाय, मंग तुझ्या आईसनं त्याला घरातनं खोडला काय रं?" मास्तरांनी हसत हसतच मला हे सांगितलं. लिहिली मात्र एकच. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच पायरी चढून ओसरीवर बसली. मग म्हणाली, "बाय, तिकडं तरी लिवली असंल ना तिला?"

शिमग्यात तिलाही ताप भरला. मी तापावर कोयनेलच्या पुड्या पाठवत होते, लवू रोज पेज घेऊन नदी उतरत होता. गावात पालखी नाचत होती त्या सकाळी तो पेजेचं भांडं तसंच भरलेलं घेऊन माझ्या दारात येऊन उभा राहिला.

तुझं पत्र त्यानंतर आलं, मैना. आगबोटीतून दाभोळला उतरलीस की त्या जुन्या वाटेने एकटी जाऊ नकोस, हे सांगायला लिहिते आहे. तिथे आता कुणी नाही. लवूने तिला नदीपलीकडे, नव्या वाडीच्या कडेला पुरलं. "जित्तेपणी आली नाय, आता तरी माणसांत ऱ्हाऊ दे," म्हणाला. तू आधी माझ्याकडे ये. आपण दोघी मिळून नदी उतरू.

तुझीच,
यमुनाबाय