बाबांच्या हातात फावडं

विनिपेग, कॅनडा; ऐन थंडी

आदरणीय युएचिन ताईस,

धाकट्या बोवेनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही ठीक आहोत. बाबाही ठीक आहेत (जरा जास्तच ठीक आहेत, ते पुढे येईलच).

चीनहून, आपलं शाओशिंग सोडून बाबा आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून मी त्यांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. चहा हातात, चपला पायाशी, माशाचा गालाकडचा तुकडा त्यांच्याच वाडग्यात. एवढ्या मानाने माणूस खुलायला हवा की नाही? पण बाबा खिडकीशी बसून समोरच्या झाडाकडे एखाद्या ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसे बघत राहायचे. त्यात त्यांना कळलं की माझी सासू मर्टलबाई ऐंशी ओलांडूनही पलीकडच्या गल्लीत एकटी राहते आणि लोरेन, म्हणजे तुझी भावजय, जन्मदात्या आईला चक्क "मर्टल!" अशी हाक मारते. बाबांनी वाडगा बाजूला सारला. दुसऱ्या दिवसापासून त्या "टाकून दिलेल्या माउली"साठी (शब्द बाबांचे) कोंबडीचं सूप घेऊन माझ्या खेपा सुरू झाल्या. माउली दारातच म्हणाली, "मी आजारी आहे असं कोणी उठवलं रे?"

मग बाबा स्वतः निघाले. चांगला कोट घालून, तिला मानाने आपल्या घरी आणायला; मी मागोमाग. (एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, पण अडलं कुणाचंच नाही.) बाईंनी दारासमोरचा बर्फ दाखवला आणि सरळ बाबांच्या हातात फावडं दिलं. आपल्या बाबांच्या, ताई! ज्यांच्यापुढे त्यांचे म्हातारे झालेले विद्यार्थी अजून मान वर करत नाहीत! मी फावडं घ्यायला धावलो, तर माझ्यावरच खेकसले, "हो बाजूला!" त्या दिवशी त्यांनी भाताचा वाडगा मागून मागून भरून घेतला, आणि तेव्हापासून रोज तिकडेच असतात.

परवा त्यांना बोलवायला गेलो, तर फावड्यावर रेलून ते मर्टलबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थिजल्यासारखे उभे. आत मायलेकींचं कडाक्याचं भांडण, मांजर कुणाच्या लाडाने एवढं सुटलं यावरून. "मर्टल, पाय हलवू नकोस!" "तू मला शिकवू नकोस!" आणि ते चालू असताना लोरेन जमिनीवर बसून आईचं पाऊल मांडीवर घेऊन नखं कापत होती. इतक्या अलगद, की बघताना मलाच चोरट्यासारखं झालं.

बाबांनी फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "मी आईपुढे कधी आवाज चढवला नाही. पण तिची पावलं कशी होती, ते मला सांगता येणार नाही, बोवेन."

ताई, बाबांच्या तोंडून असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या थंडीत मला टोपी काढावीशी वाटली. कुणासाठी, ते अजून ठरत नाही.

भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बोवेन

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की बाबा त्याच गल्लीत वेगळी खोली घेऊन एकटे राहणार म्हणतात. स्वतः रांधणार म्हणे! लोक मला काय म्हणतील? तू थोरली, तुझा शब्द ते मोडत नाहीत. ताबडतोब "नाही" म्हणून कळव.

आणखी एक ता. क. पत्र बाबांनी वाचलं (त्यांना न दाखवता पाठवायची माझी छाती नाही). दोन चुका सुधारल्या. म्हणाले, "ताईचं 'नाही' मी अगदी मान देऊन ऐकेन. खोलीची किल्ली कालच घेतली आहे."