बारक्या, जाड्या आणि शेवटची भिंत

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (वाकलेलीच आहे, कंबर धरलीये, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीला न विचारता औषध बंद केलंत हे मला कळलंय. आपल्या घरात बातमी लपत नाही. लपली ती एकच: तुम्ही नोकरीभर अणुबॉम्ब करत होतात आणि आम्ही समजत होतो, मामा पंपांच्या कारखान्यात आहेत. घरचा पंप बिघडला की तुम्ही प्लंबरला बोलवायचात, तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. आई मात्र म्हणायची, एवढा साहेब झालाय तो, आता हात कशाला काळे करील.

तर आमच्या संग्रहालयात अण्वस्त्रांचं दालन होतंय आणि मांडणी माझ्या गळ्यात पडलीये. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे तुम्ही, हे तुम्हाला कळलंच असेल. आमचे संचालक (आम्ही त्यांना फीतकापे म्हणतो, कात्री दिसली की त्यांची छाती फुगते) यांना हे दालन ‘प्रसन्न’ हवंय. बॉम्बचं दालन, प्रसन्न! मी इतिहासाच्या फलकावर लिहिलं की जगातल्या पहिल्या चाचणीआधी शास्त्रज्ञांनी स्फोट केवढा होईल यावर पैजा लावल्या होत्या, आणि शहरांवर टाकायच्या दोन बॉम्बना लाडाची नावं होती, आपल्या भाषेत बारक्या आणि जाड्या. फीतकाप्यांना हे इतकं आवडलं की दोघांचे मुखवटे करून दारात विकायला ठेवू म्हणाले. बारक्यात युरेनियमचा एक तुकडा दुसऱ्यावर तोफेसारखा डागला, जाड्यात प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी स्फोटकांनी दाबला, एवढी अक्कल माणसांनी कशापायी खर्च केली, ते वाचायला त्यांना सवड नव्हती.

आता कंबर. साखळी प्रक्रिया लोकांना समजावी म्हणून मी टेबलभर उंदराचे सापळे मांडले, प्रत्येकावर दोन प्लॅस्टिकचे चेंडू. वरून एक चेंडू टाकायचा. सापळा उडतो, त्याचे दोन चेंडू आणखी दोन सापळे उडवतात, दोनाचे चार, चाराचे आठ. अणू फुटतो आणि त्यातून निघालेले न्यूट्रॉन पुढचे अणू फोडतात, ते असंच. फीतकाप्यांनी सुरक्षेच्या नावाखाली सगळे सापळे हातहातभर लांब मांडायला लावले. संग्रहालयाच्या समितीसमोर चेंडू टाकला. एक सापळा उडाला, त्याचे दोन्ही चेंडू फरशीवर, खेळ खलास. बॉम्ब बिघडलाय, असा समितीने निर्णय दिला. मी सांगितलं, बिघडलेला नाही. दाटी नसली की न्यूट्रॉन बाहेर निसटतात, पुरेसा माल पुरेसा जवळ आला तरच भडका उडतो. मग मांडा जवळ, असा हुकूम झाला. मी वाकून वाकून पुन्हा सगळे चिकटून मांडले आणि चेंडू उडतील म्हणून या खेपेला वर काच बसवली. फोटोत चमक येते म्हणून फीतकाप्यांनी वरची काच काढायला लावली, आणि हे सगळं किती निर्धोक आहे ते समितीला सांगायला स्वतः टेबलावर ओणवे झाले. खिशातलं पेन पडलं.

पापणी लवायच्या आत टेबल रिकामं. चेंडू समितीच्या चहात, चष्म्यांवर, एक तर समितीतल्या बाईंच्या पर्समध्ये, आणि फीतकाप्यांचा टाय सापळ्यात. टाय सोडवताना त्यांनी मला विचारलं, हे जरा सावकाश होईल का, पाहुण्यांना टाळ्या वाजवायला वेळ मिळेल. मी म्हटलं, सावकाश केलं की त्याला अणुभट्टी म्हणतात. त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं. होतंच ते उद्धटपणाचं.

इथवर मीही हसले असते. पण दालनातली शेवटची भिंत मी एका छायाचित्रासाठी राखून ठेवली होती. दगडी पायरी, आणि बारक्या पडला तेव्हा तिच्यावर बसलेल्या माणसाची उरलेली सावली. माणूस नाही, सावलीच. फीतकाप्यांनी ते काढायला लावलं. लोक मुलाबाळांना घेऊन येतात, शेवट गोड हवा म्हणे. त्या जागी तुमचा फोटो येणार, भिंतभर मोठा करून: तुम्ही चौघे तरुण, बॉम्बच्या कवचावर डबे उघडून जेवताय आणि खदखदा हसताय. म्हणजे चेंडू उडताना बघायचे, मुखवटा घ्यायचा, तुमचं हसू बघायचं आणि घरी जायचं. मला याची शिसारी येते, मामा.

असो. गुडघ्याला जपा. मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. खरं काम राहिलंच. फीतकाप्यांना माझं ऐकू येत नाही, प्रमुख पाहुण्यांचं येईल. ‘माझा फोटो लावू नका, पायरीच लावा’, एवढं तुम्ही त्यांना कळवाल का? तुमच्या मोठेपणाचा दिवस आहे आणि मी त्यातच विरजण घालतेय, कळतंय मला. राग आला तर या, समोर बसून ओरडा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामीचा फोन आला. तो डब्यांचा फोटो तुमच्या दिवाणखान्यात होता म्हणे (कवच पंपाचं म्हणून खपलं), आणि निवृत्त झाल्यावर तुम्ही एके दिवशी तो स्वतःच उतरवून माळ्यावर टाकलात, का, ते तिलाही सांगितलं नाहीत. मामा, वरचं पत्र फाडून टाका. भाषणही नको. उद्घाटनाला या आणि तो का उतरवलात, तेवढंच त्या भिंतीपाशी उभे राहून सांगा. लोकांसमोर जमणार नसेल, तर निदान मामीला सांगा. ती इतकी वर्षं विचारायला घाबरतेय.