आप्पांनी कादंबरी वाचली

कुपवाड, सांगली
४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
साक्षीचा सा. न. वि. वि.

फोन केला की आप्पा शेजारी येऊन बसतात, म्हणून हे पत्र. दिवाळीत तू दिलेली ती तत्त्वज्ञानाची कादंबरी त्यांनी संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून धरली. कुस्तीच्या बातमीपलीकडे काही न वाचणारे आपले आप्पा काल दूधवाल्याला म्हणाले, जो निघाला तोच पोचला. तो बिचारा दूध न घालताच निघाला.

हसू नकोस. त्यातला नायक बायको झोपलेली असताना घर सोडून डोंगरावर जातो, आणि आप्पांनी माळ्यावरची फौजेतली पेटी खाली काढलीय. आईची झोप उडालीय. तू कॉलेजात हाच विषय शिकवतोस ना? मग असली पुस्तकं साध्या माणसांना एवढी का लागतात ते सांग, आणि उतारा असला तर तोही कळव.

रागावले आहे, तरी लोभ तेवढाच.
तुझी साक्षी

सातारा
७ फेब्रुवारी

चि. साक्षीस अनेक आशीर्वाद.

उतारा नाही. हेच विचार मी वर्गात सांगतो तेव्हा मागचा बाक घोरतो. कादंबरीत तोच विचार उपाशी राहतो, चुकतो, बायकोला सोडून जातो. मग पुढं काय झालं म्हणून माणूस पान उलटतो. शिवाय मोघम वाक्यात ज्याला त्याला आपलंच मन सापडतं. आमच्या सोसायटीच्या लालासाहेबांनी ती वाचून सेक्रेटरीपद सोडलं, आणि त्यांच्या वैऱ्यानं तीच वाचून त्या पदासाठी अर्ज भरला.

पेटीचं वाचून मात्र माझंही हसू गेलं. रविवारी येतो. तोवर आप्पांवर लक्ष असू दे, माझ्यावरचा राग मी आल्यावर काढ.
तुझा दादा, जयराज

पाचगणी
१० फेब्रुवारी

चि. जयराज आणि साक्षी,
आईचा दोघांस्नी आशीर्वाद.

साक्षी, तू घरात नसताना निगालो, पर शेजारच्या मंगलनं निरोप दिलाच आसंल. तुमचं आप्पा पळालं न्हाईत, मला घिऊन आल्यात. ते पुस्तक मीबी गपचूप वाचलं. त्यातली बायको झोपली, तितंच चुकली. म्हणून मी त्या पेटीवरच अंथरूण टाकलं. सकाळी ह्यांनी इचारलं, हितं का झोपलीस? मी म्हटलं, निगालासा तर मलाबी न्यायचं. तर म्हणाले, पेटी दोघांच्या कापडासाठनंच काढली हुती. फौजेत डोंगर लय बघितले, पर पहाऱ्यावर. नुसतं बसून कवा बघितला न्हाई.

आता बसलोय. म्होरं स्ट्रॉबेरी हाय. मी ह्यांना खरं सांगितलं, की पुस्तकातली मधली पानं मला कायबी कळली न्हाईत, पर आवडली लय. तर हे म्हणाले, मलाबी न्हाई कळली, पर सांगणार कुणाला. मग त्या पानांत काय आसंल, ह्यावर आमी जेवायची येळ टळंपर्यंत बोलत बसलो. लगीन झाल्यापास्नं एवढं बोलणं झालं नव्हतं.

जयराज, आसलंच न कळणारं आनिक एक असंल तर धाड. माया हाय तशीच हाय, तुमीबी पातळ करू नगासा.
तुमची आई, साळूबाई